टाळप्रकरणाची कैफियत

ज्या गावाच्या नावातच वक्रता आहे त्या गावी सरळ माणसाने राहावे तरी कसे, असा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी कतारला येण्यापूर्वी मला दूरध्वनीवरून विचारला होता. अल वक्रा हे नाव ऐकले की कोणाही मराठी गृहस्थास आधी गणपतीच्या सोंडेची आणि मागाहून आपल्या एखाद्या विशिष्ट नातेवाइकाची आठवण व्हावी, हे साहजिकच आहे. वास्तविक अरबीत या नावाचा संबंध पक्ष्याच्या घरट्याशी लावतात, आणि दोहाच्या दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटरांवर आखाताच्या कडेला पंख मिटून बसलेल्या या गावास ते शोभतेही. एके काळी येथून मोती काढणारी गलबते निघत. ते मोती मुंबईच्या बाजारात जात आणि आपला रुपया इकडे येई. त्याचा येथला वावर इतका वाढला, की १९५९ साली हिंदुस्थान सरकारला या आखातासाठी निराळा रुपया छापावा लागला, आणि तो कतारात १९६६ पर्यंत चालला. हल्ली पैशाचा ओघ उलट दिशेने वाहतो आणि मोत्यांऐवजी माणसांची ने-आण होते, एवढाच काय तो फरक. बाकी मेट्रोच्या तांबड्या मार्गाचे दक्षिणेकडचे शेवटचे स्थानक, शिडाच्या होडीवरून बेतलेले चाळीस हजार प्रेक्षकांचे क्रीडांगण, जुन्या धर्तीवर पुन्हा उभारलेला सूक, आणि या सर्वांच्या अधेमधे एकाच साच्यातून काढल्यासारख्या घरांची आवारे, ज्यांत मराठी माणूस आपले घर ओळखतो ते दाराबाहेरच्या चपलांवरून, असा या गावाचा थोडक्यात नकाशा आहे.

अशा गावी राहण्यात एकच उणीव, ती म्हणजे येथे काही घडत नाही. मोटारीचे यंत्र आणि गारवा दोन्ही चालू ठेवून माणूस दुकानात शिरतो, आणि घोळ घालून, भाव विचारून, कोथिंबिरीची जुडी परत ठेवून बाहेर येईपर्यंत मोटारही तेथेच असते आणि गारवाही. रहस्यकथांचे व्यसन असलेल्या माझ्यासारख्याची त्यामुळे मोठी उपासमार होते, आणि ती भागविण्यासाठी इंग्रजी रहस्यकथांतील एका सौम्य पोटजातीच्या मी आहारी गेलो आहे. या कथांत एक आटोपशीर खेडे असते, खेड्यात चर्च असते, तेथील उपाध्यायाला गुलाबांचा नाद असतो, आणि चहाच्या वेळेपूर्वी अशा एका इसमाचा खून होतो, की ज्याच्याविषयी गावात कोणालाच, आणि दहाव्या पानानंतर वाचकालाही, ममत्व उरलेले नसते. रक्त बेताचे सांडते. जास्त सांडतो तो चहा. अगाथा ख्रिस्ती बाईंनी १९३० साली मिस मार्पल नावाची विणकाम करणारी वृद्धा कादंबरीत आणून बसविली, तेव्हा पोलीस खात्याबाहेरच्या माणसाने तपास करण्याची वहिवाट पक्की झाली, आणि आता तर पाव भाजणाऱ्या, पुस्तके विकणाऱ्या, मधमाश्या पाळणाऱ्या आणि वाद्ये वाजविणाऱ्या मंडळींनी ते खाते जवळजवळ खालसाच केले आहे. आपल्या बाबूराव अर्नाळकरांना हे कितपत रुचले असते, याची मला शंका आहे. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पण त्यांचा झुंजार किंवा काळा पहाड सुया घेऊन मोजे विणत बसल्याचे मला तरी स्मरत नाही.

माझे सासरे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. दिवसा दप्तर आणि रात्री पेटी, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा क्रम होता, आणि दोन्ही ठिकाणी बोटे कोठे ठेवावीत व कोठे ठेवू नयेत याचे ज्ञान त्यांना सारखेच होते. थंडीचे दोन महिने लेकीकडे काढावेत म्हणून ते आले आणि आठ दिवसांत त्यांना करमेनासे झाले. तेव्हा मी त्यांच्या हाती माझ्याजवळची एक कादंबरी दिली. तिच्यातील तपास करणारा इसम व्हायोलिन वाजवितो, हे मी मुद्दाम सांगितले होते. दोन दिवसांनी त्यांनी पुस्तक परत केले आणि म्हणाले, "जावईबापू, हा माणूस दोनशे पानांत एकदाही वाद्य सुरात लावत नाही. याला चोर सापडला तो योगायोगानं."

मी शेरलॉक होम्सचे नाव पुढे केले. तोही व्हायोलिन वाजवी. १८९१ सालच्या लाल केसवाल्यांच्या गोष्टीत तर दरोडेखोरांना पकडण्याच्या ऐन दिवशी तो दुपारी सारासाते या स्पॅनिश वादकाच्या मैफलीला जाऊन बसतो, आणि लांबसडक बोटे हवेत हलवीत डोळे मिटून ऐकतो. हा भाग सासऱ्यांना आवडला. परंतु होम्सजवळचे स्ट्रॅडिव्हरियस, ज्याची किंमत निदान पाचशे गिनी असावी असे तो स्वतःच मानतो, ते त्याने लंडनच्या एका जुन्या मालाच्या दुकानदाराकडून अवघ्या पंचावन्न शिलिंगांत मिळविले, हे मी सांगितले मात्र, अव्वल कारकून जागा झाला. "दुकानदाराला किंमत ठाऊक नव्हती आणि ह्यांना होती, आणि तरी हे गप्प राहिले? पहिला गुन्हा तिथंच नोंदवायला हवा होता."

मग त्यांनी आपल्या मताचा खरा गुप्तहेर सांगितला, आणि तो ऐकून मी चकित झालो. पंडित विष्णु नारायण भातखंडे! विचार करता मला त्यांचे म्हणणे पटू लागले. हा गृहस्थ वाळकेश्वरी १८६० साली जन्मला. धंद्याने वकील, म्हणजे पुरावा कशाला म्हणतात हे जाणणारा, आणि छंदाने गवई, म्हणजे पुरावा कानाने तोलणारा. घराण्यांतील उस्ताद आपल्या चिजा पुरलेल्या धनाप्रमाणे राखून बसलेले असताना हा मनुष्य वही घेऊन गावोगाव हिंडला. १९०४ साली दक्षिणेत उतरला, पुढे उत्तरेकडची शहरे पालथी घातली. कोणाची मर्जी राखून, कोणाचे शिष्यत्व पत्करून, कोणाला प्रश्नांच्या कोंडीत धरून त्याने त्या चिजा एकेक करून उजेडात आणल्या. आणि गुप्तहेराला शोभेल असे टोपणनावही त्याने घेतले: १९१० साली रागांविषयीचा आपला संस्कृत ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला तो 'चतुर पंडित' या नावाने. जप्त केलेला मुद्देमाल पुढे क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढून त्याने साऱ्या मुलखात वाटून टाकला. "असा तपास," सासरे म्हणाले, "की ज्यात चोर सुटतो आणि माल सगळ्यांना मिळतो." हे वाक्य मी त्या वेळी केवळ विनोद म्हणून ऐकले.

आता मुख्य प्रकरण. आमच्या आवारात दर गुरुवारी रात्री घरगुती भजन होते. गुरुवार हा दत्ताचा वार, आणि येथे शुक्रवार-शनिवार सुटी असल्यामुळे तो सुटीच्या आदल्या रात्रीचाही वार. परमार्थ आणि सरकारी पंचांग यांचे इतके एकमत मी स्वदेशात कधी पाहिले नाही. तबल्यावर एक तरुण लेखापाल असे, पेटी आमच्या घरची, आणि टाळ एका ज्येष्ठ अभियंत्यांच्या हाती. या टाळकरी गृहस्थांची भक्ती निस्सीम होती आणि निस्सीम असल्यामुळेच तालाची सीमाही ती जुमानीत नसे. अभंग विलंबित सुरू होई. दुसऱ्या कडव्यात त्यांचे डोळे मिटत. तिसऱ्यात ते एकटेच पुढे निघत. आणि शेवटच्या चरणाला त्यांचा टाळ मेट्रोत बसून दोहाला पोचलेला असे, तर बिचारा तबला वक्र्याच्याच कोठल्या तरी सिग्नलवर तांबडा दिवा पाहत उभा असे. पण बोलणार कोण? वयाने वडील, स्वभावाने देवमाणूस, आणि प्रसादाची बासुंदी त्यांच्याकडून येई. बासुंदी देणाऱ्याची लय चुकते असे म्हणण्याचे धैर्य ज्यांच्या अंगी आहे, असे समीक्षक मराठीत फारसे झाले नाहीत.

सासऱ्यांनी पहिल्या गुरुवारी पेटी धरली. भजन संपल्यावर त्यांचा चेहरा, दुसऱ्याच्या हातची नोंद आपल्या सहीनिशी वर पाठवावी लागलेल्या कारकुनासारखा झाला होता. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या गुरुवारीही बोलले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी टाळांची पिशवी उघडली तेव्हा तिच्यात एकच टाळ निघाला.

एका हाताने टाळी वाजत नाही ही म्हण टाळ्यांपुरती खरी असेल-नसेल. टाळांच्या बाबतीत ती निरपवाद आहे. अभियंते साहेबांनी पिशवी उलटी केली, सुलटी केली, आतले अस्तर ओढून पाहिले. एक वहिनी म्हणाल्या, "अहो, दोन्ही नेले असते तर चोरी म्हटली असती. एकच नेऊन कोणी काय करणार?" यातच प्रकरणाचे सारे गूढ सामावले होते, आणि माझ्या अंगावर जो रोमांच उभा राहिला तो भक्तीचा नव्हता, हे मी कबूल करतो. वक्र्यात अखेर काहीतरी घडले होते.

तपास सासऱ्यांकडे गेला तो एकमताने. त्यांनी दोनशे पानी वही मागविली, पहिल्या पानावर 'टाळप्रकरण' असे टाकाने लिहावे तसे वळणदार लिहिले, आणि मला कारकून नेमले. स्थळाचा पंचनामा झाला. पिशवी कोणत्या खुंटीला होती, खुंटी कोणत्या भिंतीत होती, आणि भिंतीपलीकडे कोणाचे न्हाणीघर होते, याची नोंद झाली. मग जबान्या. त्यांची पद्धत अशी, की प्रश्न एक विचारायचा, आणि उत्तर चालू असताना पेटीवर हलकेच एखादा स्वर धरून ठेवायचा. "खोटं बोलणाऱ्याचा आवाज स्वरावरून घसरतो," ते म्हणत. या कसोटीवर तबलजी निर्दोष ठरला, वहिनी निर्दोष ठरल्या, आणि मी मात्र पाव स्वर खाली उतरल्यामुळे बराच वेळ संशयित राहिलो.

याच दरम्यान एक बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, ती नोंदवून ठेवतो. सासरे काळी चार दाबीत तेव्हा पेटीतून त्या स्वराबरोबर एक अस्फुट, रुणझुणता नाद येई. जणू दूर कोठे देवघरात कोणी घंटा हलवीत आहे. मी विचारले तर ते म्हणाले, "तानपुऱ्याला जवारी असते ना? तसंच. स्वर नेमका लागला की आजूबाजूच्या वस्तू बोलतात." आणि लगेच त्यांनी भिंतीवरच्या वातानुकूलन यंत्राकडे बोट दाखविले. त्याची गुणगुण ऐकून ते म्हणाले, "हा तर आमच्या गल्लीतल्या डीपीचा सूर. मंद्र सप्तक, पांढरी पाचच्या किंचित वर." मी मागाहून पडताळा पाहिला. महाराष्ट्रात आणि कतारात विजेची आवर्तने सेकंदाला पन्नासच. त्यामुळे उठणारी गुणगुण शंभर कंपनांची, आणि मंद्रातली पांढरी पाच अठ्ठ्याण्णव कंपनांची. माणूस घरापासून दोन समुद्र दूर आला तरी भिंतीतला षड्ज बदलत नाही, या शोधाने मी इतका भारावून गेलो, की पेटीतल्या घंटेचा प्रश्न मागे पडला. चांगला तपास अधिकारी साक्षीदाराला असाच दुसऱ्या विषयावर नेतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

आवाराच्या पहारेकऱ्याचीही जबानी घेण्यात आली. तो नेपाळचा, हिंदी उत्तम बोलणारा. पण त्याच्याजवळच्या छापील तक्त्यात अरबीत जे रकाने होते त्यांतल्या पहिल्यावर बोट ठेवून तो सासऱ्यांना म्हणाला, "इस्म?" सासरे संतापले. सरकारी मराठीत ज्याला आरोपी म्हणण्याइतका पुरावा नाही आणि सद्गृहस्थ म्हणण्याची इच्छा नाही, त्याला इसम म्हणतात. त्यांना कोणी इसम म्हणावे, आणि तेही त्यांच्याच चौकशीत! मी समजूत घातली, की अरबीत इस्म म्हणजे केवळ नाव. हे कळल्यावर ते बराच वेळ विचारात पडले. पस्तीस वर्षे त्यांनी कागदोपत्री 'अज्ञात इसम' असे लिहिले होते, म्हणजे 'अज्ञात नाव'. आपण सारा जन्म शुद्ध अरबी लिहीत होतो, याचे त्यांना नवल वाटले आणि थोडा अभिमानही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही सुकात गेलो, कारण चोरीचा माल बाजारात येतो हा त्यांचा सिद्धान्त. किनाऱ्यावर लाकडी गलबते नांगरलेली होती, वाऱ्याने दोर ताणले जात होते, आणि मागच्या गल्ल्यांतून कबाबांचा धूर येत होता. एका दुकानात कॉफी कुटण्याचे पितळी खल मांडले होते. सासऱ्यांनी बोटाच्या पेराने पहिला खल वाजविला, मान हलविली. दुसरा वाजविला, पुन्हा मान हलविली. अकराव्या खलाला दुकानदार स्वतःच बत्ता घेऊन ठेका धरू लागला, आणि त्याची लय इतकी चोख निघाली, की सासऱ्यांनी तेथेच बसकण मारली. त्या दुकानदाराकडून आम्हांला कळले, की मोत्यांच्या गलबतावर एक गायक नेमलेला असे. त्याला नह्हाम म्हणत. तो बुडी मारीत नसे. वल्ही मारताना, शिडाचे दोर ओढताना साऱ्यांचे हात एका लयीत पडावेत म्हणून गात असे. "म्हणजे लय चुकली तर?" सासऱ्यांनी विचारले. दुकानदाराने समुद्राकडे हात केला. त्याचा अर्थ काहीही असो, सासऱ्यांनी तो आपल्या सोयीचा घेतला असावा. "जावईबापू," परतताना ते म्हणाले, "नाखवा शहाणा होता. नाखुदाच म्हणतात ना इकडे? तोच शब्द. बेलय माणसाला त्यानं गलबतावर ठेवलंच नसतं."

त्या रात्री मी त्यांना ह्युबरमन यांच्या व्हायोलिनची हकिकत सांगितली. १७१३ साली घडविलेले ते स्ट्रॅडिव्हरियस १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून, मालक रंगमंचावर दुसरे वाद्य वाजवीत असताना, त्यांच्या खोलीतून नाहीसे झाले. तपास करणाऱ्यांनी जग धुंडाळले. चोर निघाला एक वादकच, ज्यूलियन ऑल्टमन नावाचा. त्याने त्या वाद्यावर बुटाचे पॉलिश चढवून ते सुमारे पन्नास वर्षे खुशाल वाजविले, आणि १९८५ साली मृत्युशय्येवर बायकोजवळ कबुली दिली. आज ते जोशुआ बेल वाजवितात. मला वाटले होते, अव्वल कारकून कायद्याचे कलम विचारील. त्यांनी विचारले, "वाजवायचा कसा?" मी म्हणालो, बरा वाजवीत असावा. "मग त्याच्या हातून ते काढून घेणाऱ्यालाही विचार पडला असता," असे म्हणून ते कुशीवर वळले.

चौथा गुरुवार टाळाविना झाला. अभियंते साहेब एकटा टाळ मांडीवर ठेवून, अंत्यदर्शनास आलेल्या आप्तासारखे बसले होते. पण भजन! तबला प्रथमच अभंगाच्या बरोबर निघाला आणि बरोबर पोचला. शब्द ऐकू आले. एक वहिनी, ज्या आजवर दर गुरुवारी बासुंदीच्या वाट्या मोजत असत, त्या डोळे पुसताना दिसल्या. सासऱ्यांची बोटे अशी फिरत होती, की १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने ज्या वाद्याला दाराबाहेर उभे केले ते हेच का, असे वाटावे. मध्यंतरात अभियंते साहेब त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "काका, तपास कुठवर आला?" सासऱ्यांनी काळी चार दाबली. घंटा रुणझुणली. "चालू आहे," ते म्हणाले, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांचा आवाज स्वरावरून केसभरही घसरला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी वही पूर्ण केली. निष्कर्ष एका ओळीत होता: सबब, टाळ अज्ञात इसमाने नेला असून प्रकरण दप्तरी दाखल करावे. खाली सही, तारीख, आणि कारकून म्हणून माझी रुजुवात. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतले आणि म्हणाले, "पेटी फार हलवू नका. वाळूचे दिवस आहेत, आत धूळ जाते."

मी पेटी आठ दिवस हलविली नाही. नवव्या दिवशी, घरी कोणी नसताना, सहज भाता उघडला आणि काळी चार दाबली. घंटा वाजली. पांढरी पाच दाबली, वाजली नाही. पुन्हा काळी चार, पुन्हा घंटा. वातानुकूलन यंत्र बंद करून पाहिले. तरीही घंटा. तेव्हा कोठे माझ्या मंद बुद्धीत उजेड पडू लागला, आणि मला त्याच ख्रिस्ती बाईंची १९२६ सालची ती कादंबरी आठवली, जिच्यात हकिकत सांगणारा गृहस्थच शेवटी... पण ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा मी अपराधी होऊ इच्छीत नाही. मी पेचकस आणून पेटीची वरची फळी उचलली. पट्ट्यांच्या मागच्या पोकळीत, उजव्या अंगाला, पंढरपुरी पितळेचा तो टाळ दोरीसकट निवांत पडला होता. त्याखाली घडी घातलेला एक कागद होता. त्यावर ओळखीच्या वळणदार अक्षरांत इतकेच होते: 'मुद्देमाल, नग १. सुस्थितीत.'

टाळ परत करावा, यात माझ्या मनात शंका नव्हती. तो बाहेर काढून मी पुसलाही. इतक्यात दूरध्वनी वाजला. अभियंते साहेबांचा स्वर आनंदाने दुथडी भरला होता. त्यांचे मेहुणे कालच मुंबईहून आले होते, आणि येताना त्यांनी थेट पंढरपूरहून मागविलेला नवा जोड आणला होता. आधीच्यापेक्षा वजनदार, नादाला दुप्पट. "या गुरुवारी बघा," ते म्हणाले, "सगळी कसर भरून काढतो."

मी टाळ होता तेथे, तसाच, दोरीसकट ठेवला. फळी बसविण्यापूर्वी सहज वाकून पाहिले. पट्ट्यांच्या मागे, डाव्या अंगाला, आणखी एका टाळापुरती जागा होती.